अंगठा, तार आणि दप्तर

गेल्या महिन्यात पहिल्या पाळीला गेटवर माझा अंगठा लागला नाही.

तीनदा पँटीला पुसला, फुंकर मारली, थुंकी लावली, काचेवर दाबून धरला. लाल दिवा. मागे रांग. मुकादम ओरडला, "बाजूला हो, नेटवर्क नाय." अर्ध्या तासाने नेटवर्क आलं तेव्हा मशीनने माझ्या मागच्या सगळ्यांना ओळखलं, मला नाही. पोलादाच्या कॉइलींचे वायररोप ओढून ओढून माझ्या बोटांच्या रेषा घासून गेल्यात. मशीनला रेषा पाहिजे. मुकादम म्हणाला, जा आत, नंतर बघू. दिवसभर राबलो आणि पगाराच्या चिठ्ठीत तो दिवसच नव्हता. विचारलं तर उत्तर आलं, "सिस्टीममध्ये दिसत नाय."

माझा आजा सावकाराच्या कागदावर अंगठा उठवायचा. कागदात काय लिहिलंय ते त्याला वाचता यायचं नाही, आणि होता नव्हता तो तुकडा गेला. मी मॅट्रिक झालो, सही करतो, कविता लिहितो, आणि तरी माझ्याकडे अंगठाच मागतात. त्याचा लागला म्हणून गेलं, माझा लागला नाही म्हणून गेलं.

ठेकेदाराचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर पुढची पाळी जाईल, आणि या संपादकीयाचा मुद्दा ठेकेदार नाहीच. मुद्दा असा की त्या दिवशी मी कोणाची गचांडी धरायची हे मला कळलं नाही. मुकादमाच्या हातात काही नव्हतं. गेटवरचं ते खोकं म्हणजे नुसतं तोंड. त्याचं डोकं कुठल्या तरी ऑफिसात, कुठल्या तरी थंडगार खोलीत. तिथे कोण बसतो, त्याला हजेरी दुरुस्त करता येते की नाही, येत असेल तर कोणाच्या सांगण्यावरून, हे माझ्या टोळीतल्या एकालाही माहीत नाही. मारामारी करायला समोर माणूसच नाही!

आणि नेमक्या त्याच आठवड्यात आपल्या कार्यकारिणीत तीन तास भांडण झालं: आपल्या कचेरीतले चार कम्प्युटर एकमेकांना जोडायचे की नाही. जोडायचे तर कसे.

दोस्तांनो, हे भांडण तुम्हाला फालतू वाटेल. तिकडे घरं पाडतायत आणि हे वायरी जोडतायत. मलाही आधी तसंच वाटलं. पण आपल्या एका जुन्या सहकाऱ्याने त्या दिवशी जे सांगितलं ते ऐकून माझं तोंड बंद झालं. ते तुम्हालाही कळलं पाहिजे, कारण चूक आपली आहे, बाहेरच्या कोणाची नाही.

मराठवाड्यातल्या एका कुटुंबाची ॲट्रॉसिटीची केस आपण बघत होतो. एफआयआरची प्रत, दवाखान्याचा दाखला, पंचनामा, जखमांचे फोटो, सगळं आपल्या एका कार्यकर्त्याने स्कॅन करून स्वतःच्या लॅपटॉपमध्ये ठेवलं. मूळ कागद त्या घरात होते आणि पावसात ते घर गळलं. लॅपटॉपची डिस्क बसली. दुसरी प्रत कुठेच नाही. कचेरीत चार कम्प्युटर उभे, चौघांची तोंडं चार दिशांना, एकाला दुसऱ्याची खबर नाही. त्या घरातली आई दोनदा रात्रीची गाडी पकडून मुंबईला आली आणि आपण तिला चहा पाजून परत पाठवलं. नकला परत मिळवायला कोर्टकचेरीत किती हेलपाटे पडतात ते तिला विचारा.

तेव्हा जाळं कशाला पाहिजे, याचं उत्तर एवढं एकच पुरे. बाकीचे फायदे छोटे आहेत पण खरे आहेत. एक प्रिंटर चौघांना चालतो. एकाच लेखाच्या पाच प्रती होत नाहीत. गेल्या अंकात आपण चुकीचीच प्रत छापली हे तुम्ही पत्रं लिहून कळवलंच आहे. वर्गणी कोणी दिली, कोणी नाही, हे एकाच जागी दिसतं. एक माणूस आजारी पडला तर त्याचं काम अडत नाही.

आता आमच्या गोदीचं सांगतो. कारण नेटवर्क म्हणजे काय, ते माणसाला काय देतं आणि त्याचं काय घेतं, हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. धक्क्यावर बघितलंय, आणि जे बघायला जन्मलो नव्हतो ते जुन्या लोकांकडून ऐकलंय.

आमच्याकडे एक रिटायर टॅली क्लार्क येतात, सगळे त्यांना काका म्हणतात. ते सांगतात, त्यांच्या जमान्यात जहाजातून उतरणारा प्रत्येक नग त्यांच्या वहीत चढायचा. गोणी, पेटी, पिंप. ती वही शेडमध्ये, तिथून ऑफिसात, तिथून कस्टममध्ये. एक कागद हरवला की माल आठवडाभर पडून. आणि त्या आठवड्यात कोणाकोणाचे खिसे भरायचे ते काका नाव घेऊन सांगतात. मुकादम स्वतःच्या गावच्या लोकांना आधी घ्यायचा, उरलेले दुपारपर्यंत गेटवर बसून. तेव्हा जुनं सगळं सोनं होतं अशी रडगाणी आपल्याकडे कोणी गाऊ नयेत. वहीच्या काळातही वही आपल्या हातात नव्हतीच.

१९८९ साली समोर न्हावा शेवाला नवं बंदर सुरू झालं आणि डब्यांचा, म्हणजे कंटेनरचा, धंदा हळूहळू खाडीपलीकडे गेला. डबा आला म्हणजे नग मोजणं संपलं. डब्यावर नंबर असतो. नंबर कम्प्युटरमध्ये टाकला की झालं. कस्टमचे कागद तारेवरून जायला लागले. २०१६ पासून न्हावा शेवाला डब्याला एक टॅग लावायला लागले, आरएफआयडी म्हणतात त्याला. डबा कुठल्या टोलनाक्यावरून गेला, कुठल्या यार्डात पडलाय, हे दिल्लीतला व्यापारी घरात बसून बघतो. ट्रकवाल्याचा वेळ वाचला, चिरीमिरी कमी झाली, माल लवकर हलला. हे फायदे खोटे नाहीत. पण यातला एकही फायदा काकांच्या घरी आला नाही. डबा कुठे आहे हे सगळ्या जगाला कळतं, टॅली क्लार्क कुठे गेले हे कोणाला माहीत नाही. त्यांना टॅग कोण लावणार?

हे असंच होतं, असं मानून गप्प बसणारे आपल्यात पुष्कळ आहेत. ते असंच होत नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर २००२ साली याच प्रश्नावर सगळी बंदरं बंद पडली होती. मालक म्हणत होते, स्कॅनर आणि कम्प्युटर आणायचे. गोदी कामगारांची युनियन म्हणत होती, आणा, पण ते काम करणारी माणसं आमची पाहिजेत. मालकांनी टाळं ठोकलं. दहाएक दिवस जहाजं समुद्रात उभी. शेवटी राष्ट्राध्यक्ष बुशने कायद्याचा दंडुका काढला तेव्हा बंदरं उघडली. नंतर जो करार झाला त्यात यंत्रं आली, पण त्या वेळी कामावर असलेल्या क्लार्कांची नोकरी यंत्रामुळे जाणार नाही हे लिहून घेतलं होतं. आपल्या देशातही बँकेच्या कर्मचाऱ्यांनी यंत्रं किती आणि कुठे बसवायची याचा करार १९८३ साली बँकांशी केला. त्याच्या आधी कलकत्त्यात एलआयसीच्या कर्मचाऱ्यांनी कम्प्युटर आत येऊ नये म्हणून इमारतीला पहारा दिला होता. पहारा देणाऱ्यांना मी सलाम करतो. पण कम्प्युटर आलाच. टेबलावर बसून लिहून घेणाऱ्यांच्या हाताला जास्त लागलं असं मला वाटतं. ज्यांना हे पटणार नाही त्यांनी पुढच्या अंकासाठी लिहावं, छापू.

आता एक गोष्ट, जी मी गोदीत दहा जणांना तरी सांगितली असेल आणि प्रत्येक वेळी लोक हसतात. २७ जून २०१७. डेन्मार्कची मर्स्क ही कंपनी, समुद्रावरच्या डब्यांची मोठी सावकार. युक्रेनमध्ये हिशेबाचं एक सॉफ्टवेअर सगळे वापरत, त्याच्यातून एक व्हायरस सुटला आणि तारेतारेने मर्स्कच्या जगभरच्या ऑफिसांत घुसला. नॉटपेट्या त्याचं नाव. पडदे काळे पडले. गेटवर ट्रक उभे, कोणता डबा कोणाचा ते सांगणारं कोणी नाही. आपल्या न्हावा शेवाचं एक टर्मिनलही त्यात बसलं. कंपनीचं नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलर. दहा दिवसांत त्यांनी चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार कम्प्युटर पुन्हा पहिल्यापासून उभे केले, असं त्यांच्याच अध्यक्षाने नंतर सांगितलं.

हसण्यासारखं पुढे आहे. नेटवर्कमध्ये कोण आपला, कोण परका, कोणाला कुठल्या खोलीत सोडायचं याची वही ठेवणारी मशीनं असतात. मर्स्ककडे अशी दीडशेच्या आसपास होती, जगभर पसरलेली, आणि प्रत्येकीत तीच वही. म्हणजे एक गेली तर बाकीच्या आहेतच, असा हिशेब. पण सगळ्या एकाच तारेत, त्यामुळे सगळ्या एकदम मेल्या. एक सोडून. आफ्रिकेतल्या घाना देशात त्या वेळी लाइट गेली होती! लाइट गेली म्हणून तिथलं मशीन बंद, बंद म्हणून जाळ्याबाहेर, बाहेर म्हणून जिवंत. ती एक डिस्क माणसाच्या हातात देऊन विमानाने इंग्लंडला नेली आणि एवढी मोठी कंपनी परत उभी राहिली.

आमच्या टोळीतला एक जण ही गोष्ट ऐकून म्हणाला, "म्हणजे आपल्या झोपडपट्टीत मर्स्कचं ऑफिस पाहिजे होतं, रोज वाचलं असतं." हसलो. पण विचार करा. दीडशे प्रती असून उपयोग झाला नाही. तारेत नसलेली एक प्रत कामाला आली.

कचेरीच्या भांडणाकडे परत येतो. तीन मतं होती.

पहिलं मत आपल्या कॉलेजवाल्यांचं. ते म्हणतात, वायर कशाला, डिस्क कशाला, सगळं क्लाऊडवर टाका. फुकट आहे, नाहीतर माणशी थोडं भाडं. लाइट गेली, उंदराने वायर कुरतडली, कचेरीत पाणी शिरलं, काही बिघडत नाही. सांभाळायला माणूस लागत नाही. फोनवर सगळं दिसतं. आहे तर व्हॉट्सॲप ग्रुप, त्याच्यावरच यादी टाका.

यात तथ्य आहे, नाकारत नाही. आपल्यासारख्या फाटक्या खिशाच्या लोकांना ते परवडतं. पण क्लाऊड म्हणजे ढग नव्हे. क्लाऊड म्हणजे दुसऱ्याच्या घरातलं कपाट. घरमालकाने उद्या भाडं वाढवलं, कुलूप बदललं, किंवा घरच मोडायला काढलं तर काय? गूगलने ऑर्कुट २०१४ साली बंद केलं. गूगल प्लस २०१९ साली. आधी नोटीस दिली, मुदत दिली, सगळं रीतसर. रीतसर बंद झालं. आणि इंटरनेटच बंद केलं तर? काश्मीरमध्ये २०१९ च्या ऑगस्टमध्ये बंद केलं, फोर-जी परत यायला २०२१ उजाडलं. आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये आपल्या पोरींचे नंबर सगळ्यांना दिसतात. कोण कोण त्यात आहे याची खात्री देणारा एक तरी माणूस माझ्यासमोर उभा करा.

दुसरं मत काकांचं. ते म्हणाले, काहीच जोडू नका. वही बरी. वहीला व्हायरस लागत नाही. आणि मग त्यांनी ते नाव काढलं ज्याच्यावर खोलीत सगळे गप्प झाले. भीमा कोरेगाव.

रोना विल्सन यांना २०१८ साली अटक झाली. त्यांच्या कम्प्युटरमध्ये पत्रं सापडली असं पोलिसांनी सांगितलं. अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या तपासणाऱ्या कंपनीने त्या डिस्कची प्रत बघून २०२१ साली अहवाल दिला, की जून २०१६ मध्ये एका ई-मेलमधून त्या कम्प्युटरमध्ये नेटवायर नावाचं चोर-सॉफ्टवेअर शिरलं, बावीस महिने कोणीतरी बाहेरून तो कम्प्युटर चालवत होतं, आणि पत्रं बाहेरूनच आत ठेवली गेली. तपास यंत्रणेने हा अहवाल मानलेला नाही. मी कोर्ट नाही. पण एवढं मला कळतं की जोडलेल्या कम्प्युटरमध्ये दार असतं, आणि दारातून नुसतं चोरून नेता येतं असं नाही, आणून ठेवताही येतं. आपल्यातल्या किती जणांनी आलेली प्रत्येक फाइल उघडून बघायची सवय सोडलीय? हात वर करा. माझाही वर नाही.

म्हणून मी काकांना वेड्यात काढत नाही. पण वहीचं काय होतं तेही बघितलंय. २०१६ च्या जूनमध्ये दादरचं आंबेडकर भवन आणि तिथला बुद्धभूषण छापखाना एका रात्रीत पाडला. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला तेव्हा पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात घेतली नव्हती. दुसऱ्याच्या यंत्रावर आपला आवाज जात नाही हे त्यांना तेव्हाच कळलं, म्हणून पुढे स्वतःचा छापखाना उभा राहिला. आणि तो स्वतःचा छापखानाही जेसीबीने पडतो. म्हणजे आपल्या मालकीचं असून भागत नाही, एकाच छपराखाली असून तर मुळीच नाही.

आता मला जे म्हणायचंय ते इथे म्हणतो. गावात आपलं काम काय होतं? महार म्हणजे गावची तार. मयताची बातमी घेऊन दहा कोस पळायचं. सरकारी टपाल पुढच्या गावाला पोचवायचं. वसुलीच्या पैशाबरोबर तालुक्याला जायचं. पाटलाचा निरोप न्यायचा. गाव गावाशी जोडलेलं होतं ते आपल्या पायांनी. सगळ्या बातम्या आपल्या हातातून गेल्या आणि एकही आपल्याला वाचता आली नाही. दप्तर कुलकर्ण्याच्या घरी. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचं बिल आणलं, आणि कायद्याने ती वतनं मोडायला १९५८ साल यावं लागलं. हे मी आज का सांगतो? कारण आज आपली हजारो पोरं केबल ओढतात, रस्ते खणून फायबर टाकतात, टॉवरवर चढतात, गोदीत टॅग लावतात. पुन्हा तारच. दप्तर पुन्हा दुसऱ्याकडे. गेटवर माझा अंगठा घेऊन जाणारी वायर कदाचित माझ्याच चाळीतल्या पोराने ओढली असेल, आणि हजेरी दुरुस्त करायचा पासवर्ड त्याच्याकडे नाही, माझ्याकडे नाही, मुकादमाकडेही नाही.

म्हणून संस्थेने नेटवर्क निवडताना वेग किती, किंमत किती हे मागाहून विचारावं. आधी विचारावं, दप्तर कोणाच्या घरी राहणार.

तिसरं मत माझं आणि आपल्या नर्सिंग करणाऱ्या सहकारी ताईचं, जिला या विषयातलं माझ्या दुप्पट कळतं. मी फक्त लॅमिंग्टन रोडला जाऊन भाव काढून आलो.

जाळं दोन तऱ्हेचं असतं. एक बरोबरीचं: चारही कम्प्युटर सारखे, प्रत्येकाने आपापलं कपाट बाकीच्यांना उघडं ठेवायचं. नाव ऐकून आम्हाला तेच आवडलं, समता आहे ना! स्वस्त पण आहे. पण त्यात भानगड अशी की ज्याचा कम्प्युटर बंद त्याचं कपाट बंद, आणि खरी प्रत कोणाकडे यावर रोज भांडण. जे आज चाललंय तेच, फक्त वायर लावून. दुसरं सर्व्हरवालं: एक यंत्र मध्ये बसतं, सगळे कागद त्याच्याकडे, बाकीचे मागतात, ते देतं. कोणी काय बघावं हे तिथे ठरवता येतं, प्रत तिथूनच निघते. पण ते बसलं की सगळे बसले, आणि ज्याच्या हातात त्याची किल्ली तो उद्याचा कुलकर्णी.

आम्ही दुसरं निवडायला सांगतोय, किल्लीची भीती डोळ्यांसमोर ठेवून. चारपैकी सगळ्यात जुन्या कम्प्युटरवर लिनक्स टाकायचं. ते फुकट आहे आणि आतलं कसं चालतं ते कोणालाही वाचता येतं, म्हणून ताईचा त्याच्यावर जीव. बाकी तिघांना एका स्विचवर वायरने जोडायचं. पूर्वी एकच वायर सगळ्यांतून फिरवायचे, ती कुठेही तुटली की सगळं ठप्प. आता स्विचमधून प्रत्येकाला वेगळी वायर, एक तुटली तर एकच बंद. एक वायर शंभर मीटरच्या आत असावी लागते, आपली कचेरी तर दोन खोल्यांची. वायफाय नको. भिंतीपलीकडे जातं आणि भिंतीपलीकडे कोण राहतो ते आपल्याला माहीत आहे. इंटरनेट एकाच वेगळ्या कम्प्युटरला, जो या जाळ्यात नाही. बाहेरून आलेली फाइल तिथेच उघडायची, मरायची तर तिथेच मरेल. आत न्यायची असेल तर पेनड्राइव्ह, आणि ती आधी तपासून. पेनड्राइव्हवरूनही रोग शिरतो, म्हणून हे काम एकाच माणसाने करायचं. कटकट आहे. असू दे.

स्विच, वायरी, दोन डिस्क, एक यूपीएस, सगळं मिळून बावीस-तेवीस हजार सांगितले. दुकानदार म्हणाला, साहेब, एवढ्यात तीन वर्षांचं क्लाऊड येईल. साहेब म्हणाला म्हणून जरा बरं वाटलं, पण फसलो नाही. खरा खर्च हा नाहीच. खरा खर्च माणसाचा. दर शनिवारी कोणीतरी कचेरीत येऊन प्रत काढली पाहिजे, एक डिस्क आपल्याबरोबर नेऊन दुसऱ्या वस्तीत ठेवली पाहिजे, मागची परत आणली पाहिजे. तारेत नसलेली प्रत. आणि महिन्यातून एकदा ती उघडून बघितली पाहिजे, कारण न उघडलेली प्रत ही प्रत आहे की नाही ते कळत नाही. पहिले दोन महिने सगळे उत्साहाने येतील. तिसऱ्या महिन्याची मला भीती आहे. आपल्या अभ्यासवर्गाचं काय झालं ते आठवतंय ना?

किल्लीचं असं. मोठा पासवर्ड दोघांकडे, दर सहा महिन्यांनी माणसं बदलायची, लिहिलेला कागद बंद पाकिटात खजिनदाराकडे. यावर मीटिंगमध्ये जे झालं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. पासवर्ड घ्यायला पाच जण उठले, पाचही पुरुष. शनिवारची प्रत काढायला कोण येणार विचारलं तर सगळ्यांनी ताईकडे बघितलं. क्रांतिकारक साले! म्हणजे दप्तर आमच्याकडे आणि निरोप्याचं काम बायकांकडे? हेच तर गाव होतं. शेवटी ठरलं ते असं, की पहिल्या सहा महिन्यांचा पासवर्ड ताईकडे आणि काकांकडे. काका आधी नाही म्हणाले, मग म्हणाले, वही दाखव कशी चालते.

ॲट्रॉसिटीच्या केसेसचे कागद आत जातील, पण साक्षीदारांची नावं आणि पत्ते जाणार नाहीत. ते वहीत. सभासदांच्या यादीवर मात्र एकमत झालेलं नाही. ताई म्हणते, आतल्या जाळ्यात ठेवायला हरकत नाही, बाहेर वायरच नाही. मला अजून धीर होत नाही. एखादा कार्यकर्ता फुटला, किंवा कोणी सर्व्हरच काखेत मारून घेऊन गेला, तर साडेसातशे घरांचे दरवाजे एका क्षणात कळतील. वहीही काखेत मारता येते, हे तिचं म्हणणं बरोबर आहे. पण वही जाळायला एक काडी पुरते. हा वाद पुढच्या मीटिंगला ठेवलाय.

येत्या रविवारी सकाळी नऊला वायरी ओढायच्या आहेत. शिडी पाहिजे, ड्रिल पाहिजे, ज्याच्याकडे क्रिम्पिंगचा पाना असेल त्याने आणावा. केबलचं काम करणारी आपली पोरं जरूर या, आणि नुसती वायर ओढून जाऊ नका, ताईच्या शेजारी बसून सर्व्हर कसा बसवतात ते पण बघून जा. वर्गणी आली तर दुसरी डिस्क याच महिन्यात घेऊ, नाहीतर पुढच्या. मुंबईबाहेरच्या शाखांनी आपापल्या सभासदांची यादी तूर्त फोनवरून किंवा ई-मेलने पाठवू नये. कागदावर लिहून, येणाऱ्या माणसाच्या हाती द्यावी.